रस्ता कुणाचा, हे आधी विचारा

जव्हार-मोखाड्यात सकाळी सातच्या सुमारास रस्त्यावर गाड्यांपेक्षा माणसे जास्त दिसतात. दप्तर पाठीला लावून शाळेकडे निघालेली मुले, डोक्यावर भाजीची पाटी घेतलेल्या बाया, नाक्यावर एसटीची नाहीतर जीपची वाट बघत उकिडवे बसलेले मजूर. याच रस्त्यावरून त्र्यंबकेश्वरला निघालेल्या खासगी बस आणि मालवाहू ट्रकही धावतात. घोटी, त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर, पालघर असा हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६०अ. नकाशावर तो महामार्ग असला, तरी कडेच्या पाड्यांना तो अंगणापुढचा रस्ता आहे. पदपथ बहुतेक ठिकाणी नाही. एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला उतार, आणि पावसाळ्यात दहा हातांवरचे दिसू नये असे धुके.

२०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली दोनतृतीयांशांहून जास्त ग्रामीण भागातल्या रस्त्यांवर गेली, आणि ३२ हजारांहून अधिक जण पायी चालणारे होते. ज्या भागात बहुतेकांची पहिली गाडी स्वतःचे पाय हीच आहे, तिथे या आकड्यांकडे शहरांचा प्रश्न म्हणून पाहता येत नाही.

मराठीत वावर म्हणजे शेत, आणि वावर म्हणजे माणसांची ये-जाही. जव्हार तालुक्यातले वावर हे गाव मात्र राज्याला वेगळ्याच कारणाने माहीत झाले. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, आणि त्यानंतर जव्हारला अपर जिल्हाधिकारी कार्यालय आले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि ठाण्याचे हेलपाटे थांबले. तरीही ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातल्या बोटोशी ग्रामपंचायतीच्या मर्कटवाडीत घरीच बाळंत झालेल्या एका महिलेला डोलीत घालून, निसरड्या खडकाळ वाटेने सुमारे तीन किलोमीटर न्यावे लागले. तिची जुळी बाळे वाचली नाहीत. भरधाव गाडीइतकाच रस्ता नसणे हाही धोका आहे, आणि या दोन तालुक्यांत दोन्ही धोके एकाच ग्रामपंचायतीच्या हद्दीत सापडतात.

कार्यालये जवळ आली आहेत आणि कायदेही लोकांच्या बाजूचे आहेत. मागणी अडते ती बहुधा तीन कारणांनी: ती चुकीच्या टेबलावर जाते, चुकीच्या महिन्यात जाते, किंवा मोजमापाविना जाते. ही तिन्ही कारणे दूर करणे गावाच्या हातात आहे.

पहिले काम: मालक शोधणे

डांबर सगळीकडे काळेच दिसते, पण प्रत्येक रस्त्याचा मालक वेगळा असतो. महामार्ग राष्ट्रीय असला तर त्याचे काम महामार्गाची यंत्रणा पाहते. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे, तर गावठाणातले आणि पाड्यातले अंतर्गत रस्ते ग्रामपंचायतीकडे. जव्हार शहराच्या आतले रस्ते नगरपरिषदेचे आणि मोखाडा गावातले नगरपंचायतीचे. त्यातही शहरातून जाणारा मुख्य रस्ता पालिकेचा नसून बांधकाम विभागाचा असू शकतो.

याचा व्यवहारात अर्थ असा की, एकाच नाक्यावर खड्ड्यासाठी एका कार्यालयात, दिव्यासाठी दुसऱ्या आणि रस्त्याला खेटून उभ्या राहिलेल्या टपरीसाठी तिसऱ्या कार्यालयात जावे लागते. म्हणून अर्जाआधी ग्रामसेवकाकडून किंवा पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागातून त्या रस्त्याचा प्रकार आणि क्रमांक लिहून घ्यावा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतल्या रस्त्याच्या तोंडाशी फलक असतो. त्यावर ठेकेदाराचे नाव, खर्च आणि काम पूर्ण झाल्याची तारीख असते. काम पूर्ण झाल्यापासून पाच वर्षे देखभाल त्याच ठेकेदाराच्या करारात धरलेली असते. त्यामुळे तीन वर्षांच्या रस्त्याला खड्डे पडले, तर नव्या निधीची वाट बघायचे कारण नाही. फलकाचा फोटो काढून तक्रार ‘मेरी सडक’ या ॲपवर टाकावी आणि जिल्हा परिषदेलाही द्यावी.

दुसरे काम: पायी फिरून मोजणे

कागदावर ‘रस्ता धोकादायक आहे’ असे लिहिले, तर तो कागद फाइलीत पडून राहतो. ‘शाळेच्या फाटकापासून ४० पावलांवर आंधळे वळण आहे, तिथे सकाळी साडेदहाला ६० मुले रस्ता ओलांडतात’ असे लिहिले, तर अधिकाऱ्याला उत्तर द्यावेच लागते.

ही मोजणी दहा-बारा जणांनी मिळून करावी. त्यात शाळेतली मुले हवीत, आशाताई हवी, पाठीवर मूल घेऊन चालणारी आई हवी आणि काठी टेकत चालणारे आजोबाही हवेत, कारण दुचाकीवरून जाणाऱ्या तरुणाला जो धोका दिसत नाही, तो त्यांना रोज पायाखाली लागतो. फेरी तीन वेळा घालावी: शाळा भरताना, अंधार पडल्यावर आणि एकदा पावसात. वहीत पुढच्या गोष्टी टिपाव्यात: दिवा नसलेले किंवा बंद दिव्याचे खांब, कठडा तुटलेल्या मोऱ्या आणि साकव, गवत वाढून झाकलेली वळणे, पाणी साचून खोली न कळणारे खड्डे, एसटी थांबते ती जागा आणि प्रवासी उभे राहतात ती जागा यांतले अंतर, मुलांची रस्ता ओलांडण्याची खरी जागा.

वाहनांचा वेग मोजायला यंत्र लागत नाही. रस्त्याच्या कडेला टेपने बरोबर ५० मीटर मोजून दोन दगडांना चुना लावावा. मोबाइलमधल्या घड्याळावर एक जण वेळ धरतो, दुसरा लिहितो. हे अंतर ६ सेकंदांत कापणारे वाहन ताशी ३० किलोमीटर वेगाने जात असते, साडेतीन सेकंदांच्या आसपास कापणारे सुमारे ५० ने, आणि ३ सेकंदांत कापणारे ६० ने. वीस-पंचवीस वाहनांची नोंद, तारीख आणि वेळ एवढे झाले की गावाकडे पुरावा तयार होतो.

वेगावर एवढा भर देण्याचे कारण साधे आहे. ताशी ३० किलोमीटरने धडक बसली, तर पायी चालणारी बहुतेक माणसे वाचतात. पुढे वेग वाढत जातो तशी वाचण्याची शक्यता झपाट्याने उतरते. म्हणूनच २०२० च्या फेब्रुवारीत स्टॉकहोम येथे झालेल्या जागतिक मंत्री परिषदेच्या जाहीरनाम्यात, जिथे माणसे आणि वाहने एकाच जागेतून जातात तिथे वेगाची मर्यादा ३० ठेवावी, असे म्हटले आहे. शाळा, दवाखाना आणि बाजार यांच्या समोरच्या रस्त्यासाठी जव्हारमध्येही हाच आकडा मागावा.

काय मागावे

गावाची पहिली मागणी बहुतेक वेळा गतिरोधकाची असते. ती रास्त आहे, पण गतिरोधक कसाही घालून चालत नाही. एका रात्रीत खडी-सिमेंट टाकून केलेला उभट उंचवटा दुचाकीवाल्याला पाडतो आणि रुग्णवाहिकेतल्या बाळंतिणीला हादरे देतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच असतो. त्याच्या आधी सूचना फलक आणि वर रात्री चमकणारे पट्टे लागतात. राष्ट्रीय महामार्गावर असे गतिरोधक सहसा दिले जात नाहीत. तिथे आडवे जाड पट्टे, गाव सुरू होत असल्याचा ठळक फलक, वळणावर कठडा आणि परावर्तक खुंट मागावेत.

खर्चात लहान आणि परिणामात मोठी अशी कामे यादीत वर ठेवावीत: कडेची पांढरी रेघ, मोरीवर कठडा, वळणावर बहिर्गोल आरसा, थांब्याजवळ एक दिवा, रस्त्याच्या एका कडेला पायी चालण्यापुरती मुरुमाची सपाट पट्टी. यांतल्या बहुतेक कामांना जमीन संपादन करावी लागत नाही.

काही धोके तर डांबराला हातही न लावता कमी होतात. जीपच्या टपावर आणि पाठीमागे लटकून माणसे जातात, कारण त्या वेळेला एसटी नसते. ग्रामसभेने शाळेची वेळ, मुलांची संख्या आणि थांब्याचे नाव लिहून जव्हार आगाराच्या व्यवस्थापकांकडे वेळ बदलण्याची किंवा फेरी वाढवण्याची मागणी करावी. मुलींना शाळेत नेणाऱ्या मानव विकास कार्यक्रमाच्या बसबाबतही हीच मागणी करता येते.

ग्रामसभा आणि स्थलांतराचे वेळापत्रक

वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा गावागावात ठाऊक आहेत. पण जव्हार-मोखाड्याचे स्वतःचे वेळापत्रक वेगळे चालते. दिवाळी झाली की घरेच्या घरे भिवंडी-वसईकडे, वीटभट्ट्यांवर आणि बांधकामावर जातात. २६ जानेवारीला अर्ध्या पाड्याला कुलूप असते. सगळी माणसे घरी सापडण्याच्या सभा दोनच: १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. सुदैवाने पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडाही याच काळात आकाराला येतो. म्हणजे फेरी जुलैअखेर, पहिला ठराव १५ ऑगस्टला आणि आराखड्यात नोंद २ ऑक्टोबरला, असा क्रम इथल्या जगण्याशी जुळतो. जानेवारीत मागणी मांडणाऱ्या गावाचे एक वर्ष फुकट जाते.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणे कायद्याने आवश्यक आहे. रस्त्याच्या विषयात ती सभा उरकून टाकण्याची बाब मानू नये. पाण्याला, रेशनला, अंगणवाडीत आणि दवाखान्यात सर्वांत जास्त पायी जाणाऱ्या त्याच असतात. कोणत्या खांबाचा दिवा गेला आहे, हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नसते. महिला सभेचा ठराव स्वतंत्र लिहून मुख्य सभेच्या इतिवृत्ताला जोडावा.

जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात. त्यामुळे इथे १९९६ चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियम लागू आहेत. ग्रामपंचायत सात पाड्यांची असेल, तर एका टोकाच्या पाड्याचा प्रश्न मोठ्या सभेत बुडून जातो. पेसाच्या नियमांनुसार पाड्यातले मतदार ठराव करून आपला पाडा स्वतंत्र गाव म्हणून घोषित व्हावा, असा प्रस्ताव उपविभागीय अधिकाऱ्यांकडे देऊ शकतात. घोषणा झाली की त्या पाड्याची स्वतःची ग्रामसभा होते. पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतून ५ टक्के अबंध निधी २०१५ पासून मिळतो. गावातले अंतर्गत रस्ते आणि तत्सम पायाभूत सुविधा हा त्याच्या खर्चाचा एक भाग आहे, आणि तो कशावर खर्च करायचा ते ग्रामसभा ठरवते. जव्हारमध्ये वयम् चळवळीने पाड्यापाड्यांत हे कायदे समजावून सांगण्याचे काम केले आहे. लांब गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा प्रत्यक्षात आणली. तिथे निर्णय मतमोजणीने होत नाहीत. सगळ्यांचे एकमत होईपर्यंत चर्चा चालते. रस्ता रुंद करताना कुणाचे कुंपण मागे घ्यावे लागते, तेव्हा ही पद्धत फार उपयोगी पडते.

ठराव लिहिताना चार गोष्टी सुटू नयेत: जागा, धोका, उपाय, मुदत. उदाहरणार्थ: ‘जिल्हा परिषद शाळेच्या फाटकासमोर रोज ६० मुले रस्ता ओलांडतात. दिनांक अमुक रोजी मोजलेल्या २५ वाहनांपैकी १४ वाहने ताशी ५० किलोमीटरपेक्षा वेगाने गेली. दोन्ही बाजूंना मानकानुसार गतिरोधक, फलक व एक दिवा द्यावा. तीस दिवसांत संयुक्त पाहणी करून ग्रामसभेला लेखी कळवावे.’ अशा ठरावाला वहीतल्या नोंदी, फोटो आणि हाताने काढलेला नकाशा जोडावा.

जव्हार शहर आणि मोखाडा नगरपंचायत

शहरात ग्रामसभा नसते, म्हणून नागरिक अनेकदा नगरसेवकाच्या दारापर्यंतच पोचतात. जव्हार नगरपरिषद १९१८ पासूनची, संस्थानी काळातली आहे, आणि २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या अवघी १२,०४० होती. एवढ्या लहान शहरात प्रत्येक प्रभागाची पायी पाहणी दोन रविवारांत होऊ शकते. सार्वजनिक रस्त्यांवर दिवे लावणे आणि रस्त्यातले अडथळे काढणे ही १९६५ च्या नगरपरिषद कायद्याने पालिकेची कर्तव्ये ठरवली आहेत.

पुणे महापालिकेने २००६-०७ पासून नागरिकांच्या सूचनांवरून अंदाजपत्रकात प्रभागातली लहान कामे घेण्याची पद्धत सुरू केली. पदपथ, दिवे, बसथांबे अशा कामांसाठी नागरिक अर्ज भरतात. ही कल्पना आली ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरातून. तिथे १९८९ पासून लोक सभांमध्ये बसून शहराचे पैसे कुठे जावेत ते ठरवू लागले. जव्हार आणि मोखाड्यातल्या नागरिकांनी हेच लहान प्रमाणात मागावे: प्रत्येक प्रभागातून रस्ता-सुरक्षेची तीन कामे, मुख्याधिकाऱ्यांकडे डिसेंबरअखेर. अंदाजपत्रक मार्चआधी ठरते. उन्हाळ्यात केलेली सूचना पुढच्या वर्षावर जाते.

‘वनजमीन आहे’ हे उत्तर मिळाले तर

पाड्याच्या रस्त्याची फाइल अनेकदा याच वाक्यावर थांबते. त्यावर २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये मार्ग आहे. रस्ता, शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाण्याची सोय अशा ठरावीक तेरा सुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपर्यंत वनजमीन वापरता येते. तोडायची झाडे हेक्टरी ७५ पेक्षा जास्त नसावीत आणि ग्रामसभेची शिफारस असावी, या दोन मुख्य अटी. म्हणजे अर्जाची पहिली सही ग्रामसभेची असते. ती नसेल तर फाइल पुढे जात नाही. ठरावात जमिनीचा गट क्रमांक, लागणारे क्षेत्र आणि झाडांची संख्या लिहावी, आणि प्रस्ताव उपवनसंरक्षकांकडे गेल्याची पोच घ्यावी.

पाठपुरावा

अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज करावा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना ते शुल्कही नाही. ‘काम का केले नाही’ असे विचारल्यास उत्तर टाळता येते. त्याऐवजी अर्जावरच्या टिपणीची प्रत, रस्त्याच्या कामाचे अंदाजपत्रक आणि देखभालीच्या कराराची प्रत मागावी. ‘आपले सरकार’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते, आणि लोकशाही दिनी अधिकाऱ्यांसमोर ती प्रत्यक्ष मांडता येते.

गंभीर अपघात पुन्हा पुन्हा होणारी जागा जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढे न्यावी. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात, आणि पोलीस, परिवहन व बांधकाम हे तिन्ही विभाग तिथे एकत्र बसतात. राष्ट्रीय महामार्गावर ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमा झालेले पाच अपघात झाले, किंवा दहा मृत्यू झाले, तर ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरते. तोरंगण घाटासारख्या वळणांच्या रस्त्यावर गावाने स्वतःची अपघात नोंदवही ठेवली, तर पोलिसांत न गेलेले अपघातही समितीसमोर येतात.

कायद्याने जबाबदारीही निश्चित केली आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १९८अ नुसार, रस्त्याची रचना किंवा देखभाल सुरक्षेच्या मानकांप्रमाणे न ठेवल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये, खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. अशा प्रसंगी खड्ड्याचे त्याच दिवशीचे फोटो, पंचनामा आणि दवाखान्याचे कागद जपून ठेवावेत.

उद्यापासून हातात असलेली कामे

निधी येईपर्यंत गावाने थांबू नये. वळणावरचे गवत आणि झुडपे श्रमदानाने काढता येतात. मोरीच्या कडेच्या दगडांना चुना लावता येतो. पदपथ नसलेल्या रस्त्यावर मुलांनी उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असे चालावे. अंधारात किंवा धुक्यात विजेरी आणि अंगावर पांढरे कापड असावे. बैलगाडीला मागे परावर्तक पट्टी लावावी. दुचाकीवर मागे बसणाऱ्यानेही हेल्मेट घालावे.

आणि अपघात झालाच, तर मदतीला धावावे. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. जखमीला दवाखान्यात नेले तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, ही भीती अजून पाड्यांत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांना संरक्षण दिले, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ मध्ये ते आता कायदा म्हणून आहे. मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याची सक्ती नाही, आणि त्याला दवाखान्यात अडकवून ठेवता येत नाही. ही माहिती ग्रामपंचायतीच्या आणि थांब्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यावी.

वहीची पहिली फेरी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, ठराव १५ ऑगस्टला, पोच त्याच आठवड्यात, आराखड्यात नोंद २ ऑक्टोबरला. दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे गाड्या निघण्याआधी, त्या पोचेची प्रत कुणाच्या घरी ठेवली आहे आणि जानेवारीत ती घेऊन कार्यालयात कोण जाणार आहे, हे पाड्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे.